समुद्राचे अदृश्य कुरण



रायपूरपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. पण आपल्या शहराजवळून वाहणारी खारून शिवनाथला मिळते, शिवनाथ महानदीला मिळते, आणि सिहावाच्या डोंगरात उगम पावलेली महानदी ओडिशात बंगालच्या उपसागराला मिळते. म्हणजे आपल्याकडचे पाणी शेवटी समुद्रातच जाते. नदी आणि समुद्र जिथे भेटतात, तिथे या पाण्याचे काय होते? हे समजून घेण्यासाठी आज आपण गोव्याला जाऊ, कारण तिथल्या नदीमुखांचा अभ्यास शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे चिकाटीने केला आहे.

प्लवक म्हणजे काय?

समुद्राच्या पाण्याचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर त्यात हिरवट-तपकिरी ठिपके, साखळ्या आणि नक्षीदार डब्या दिसतात. या एकपेशीय वनस्पती आहेत. त्या प्रवाहाबरोबर तरंगत जातात म्हणून त्यांना वनस्पती-प्लवक म्हणतात. पृथ्वीवरील सगळ्या वनस्पतींच्या वजनात त्यांचा वाटा जेमतेम एक टक्का आहे. तरीही प्रकाशसंश्लेषणाने पृथ्वीवर जेवढे अन्न तयार होते, त्यातले जवळजवळ निम्मे त्या बनवतात. हे कसे? गवत दिवसेंदिवस उभे असते. प्लवक मात्र काही दिवसांत जन्मतात, वाढतात आणि खाल्ले जातात. रोज एकदा दुभंगणारी एक पेशी दहा दिवसांत १०२४ पेशी होते! त्यांना सूक्ष्म प्राणी खातात, त्यांना लहान मासे, आणि लहान माशांना मोठे मासे. कोळ्याच्या जाळ्यातला बांगडा असो वा तारली, त्याचे मूळ या कुरणातच आहे.

यांतले दोन गट लक्षात ठेवा. पहिला डायटम. यांचे कवच सिलिकाचे, म्हणजे काचेसारख्या पदार्थाचे असते. दुसरा डायनोफ्लॅजेलेट. यांना चाबकासारखे दोन तंतू असतात, त्यामुळे ते थोडेफार पोहू शकतात.

मांडवी-जुवारीचे वर्ष

गोव्यात दोनापावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिची स्थापना १ जानेवारी १९६६ रोजी झाली. मांडवी आणि जुवारी या दोन्ही नद्यांची मुखे तिथून जवळच आहेत. संस्थेतील व्ही. पी. देवस्सी आणि गोव्याचेच जोआकिम गोएस यांनी या दोन नद्यांच्या खाड्यांतील प्लवकांचा अभ्यास करून १९८८ साली शोधनिबंध प्रसिद्ध केला. वर्षभरात कोणती जात कधी येते आणि तिची जागा पुढे कोण घेते, हा त्यांचा प्रश्न होता.

हे काम सोपे नाही. ठरलेल्या जागी पुन्हा पुन्हा होडीने जायचे, पाणी भरून घ्यायचे, त्याचा खारेपणा व तापमान मोजायचे, आयोडीन घालून नमुना टिकवायचा आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेक पेशी ओळखून मोजायची.

उन्हाळ्यात समुद्राचे खारे पाणी खाडीत खूप आतपर्यंत शिरते. जूनमध्ये पाऊस कोसळला की गोडे पाणी खाऱ्याला मागे रेटते. या पुराबरोबर शेतातली आणि जंगलातली पोषकद्रव्ये येतात. पण गाळही येतो आणि गढूळ पाण्यात ऊन शिरत नाही. म्हणजे ताटात जेवण आहे, पण दिवाच नाही! पावसाने काही दिवस उघडीप दिली, की डायटम झपाट्याने वाढतात. त्यात स्केलेटोनेमा ही साखळी करणारी जात पुढे असते. पावसाळ्यानंतर पाणी निवळते आणि इतर जाती डोके वर काढतात. फेब्रुवारी ते मे या काळात किनाऱ्याजवळच्या समुद्रात ट्रायकोडेस्मियमचे पट्टे पसरतात. पाण्यातला नायट्रोजन संपत आला तरी हिचे अडत नाही, कारण हवेतून पाण्यात विरघळलेला नायट्रोजन वायूच ती वापरते. जशा पहाऱ्याच्या पाळ्या बदलतात, तशा या पाळ्या बदलतात.

पाळी चुकली तर?

गोएस यांनी पुढे हेल्गा दो रोझारियो गोम्स आणि इतर सहकाऱ्यांसह अरबी समुद्राचा अभ्यास केला. हिवाळ्यात हिमालयाकडून येणारे थंड, कोरडे वारे समुद्राचा वरचा थर गार करतात. गार पाणी जड होऊन खाली जाते, खालचे पोषक पाणी वर येते आणि डायटम वाढतात. मात्र अलीकडच्या काळात डायटमांच्या जागी नॉक्टिल्युका हा सुमारे एक मिलिमीटरचा डायनोफ्लॅजेलेट प्रचंड संख्येने दिसू लागला. त्याच्या पेशीत हिरवे सूक्ष्मजीव राहतात. त्यामुळे तो स्वतः अन्न बनवतो आणि शिवाय इतर प्लवकही खातो. रात्री लाटा फुटताना किंवा जहाज पाणी कापत जाताना दिसणारा निळा उजेड पुष्कळदा त्याचाच असतो. दृश्य सुंदर, पण त्याला खाणारे मासे फार थोडे; तो जेलीफिश आणि सॅल्प यांचे खाद्य. कुरणात गवताऐवजी तण माजावे, तसे हे आहे.

असे का झाले? समुद्रातील प्राणवायू कमी होत असल्याने नॉक्टिल्युकाला फायदा मिळतो, असे या गटाने २०१४ साली मांडले. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेतील शास्त्रज्ञांना मात्र २०१८ साली प्राणवायू कमी नसतानाही त्याची वाढ आढळली. २०२० साली गोएस यांच्या गटाने आणखी एक कारण पुढे आणले: हिमालय-तिबेटवरील बर्फ घटल्याने वारे उबदार व दमट झाले, आणि समुद्राचे घुसळणे मंदावले. विज्ञान असेच पुढे जाते. नावाच्या मोठेपणावर कोणी जिंकत नाही. दावा कोणाचाही असो, तो पुन्हा पाण्यात उतरून तपासला जातो.

आपला संबंध काय?

शेतातले जास्तीचे खत आणि शहराचे सांडपाणी नदीत गेले, तर खाडीत नायट्रोजन व फॉस्फरस वाढतो. दुसरीकडे, नदीतली सिलिका मोठ्या धरणांच्या जलाशयांत बरीचशी अडते. सिलिका कमी पडली की डायटम मागे पडतात आणि तिच्याविना भागणाऱ्या जातींचे फावते. म्हणजे काठावर मासे मिळतील की नाही, हे काही अंशी वरच्या अंगाला राहणारेही ठरवतात. आणि वरच्या अंगाला आपण आहोत.

एक प्रयोग करून पाहा. पांढरी थाळी मधोमध भोक पाडून गाठी मारलेल्या दोरीला बांधा. तिच्याखाली दगडाचे वजन लावा. शिक्षकांना सोबत घेऊन ती तळ्यात सोडा आणि किती खोलीवर दिसेनाशी होते ते मोजा. अँजेलो सेकी या इटालियन शास्त्रज्ञाने १८६५ साली अशाच चकतीने समुद्राची पारदर्शकता मोजली होती. दर महिन्याला त्याच जागी, त्याच वेळी मोजा आणि वहीत तारीख घालून लिहा. वर्षाअखेरी तुमच्या तळ्याचेही पाळ्यांचे वेळापत्रक दिसू लागेल. मांडवी-जुवारीवरचे काम अशाच नोंदींवर उभे आहे.