खरखरीतला निरोप: माध्यम-पुरातत्त्वाची ओळख



पुरातत्त्व म्हटलं की आपल्याला उत्खनन, नाणी, खापरं आठवतात. पण विद्यापीठांत ‘मीडिया आर्किऑलॉजी’, म्हणजे माध्यम-पुरातत्त्व, नावाचीही एक अभ्यासशाखा आहे. ती जमीन खणत नाही. ग्रामोफोन, तारयंत्र, टेप रेकॉर्डर अशी अडगळीत गेलेली यंत्रं ती तपासते आणि विचारते: या यंत्राने काय टिपलं, काय गाळलं, काय पुसलं?

घरचंच उदाहरण देतो. १९८६ साली मी सिग्नल्समध्ये, तवांग भागात होतो. आई इंदूरला. ‘मार्फत ९९ एपीओ’ या पत्त्यावर तिची पत्रं येत. मग तिने कॅसेट पाठवायला सुरुवात केली. ती ऐकायची, त्याच कॅसेटवर उत्तर भरायचं आणि परत पाठवायची. परवा नातीला हे सांगितलं, तर म्हणाली, “म्हणजे आजोबा, व्हॉइस मेसेजच की!”

इथेच ही शाखा आपल्याला थांबवते. जुनं माध्यम म्हणजे आजच्या माध्यमाचं कच्चं रूप, असं समजू नका, हे तिचं पहिलं सांगणं. कल्याणच्या महादेव पटवर्धनांची ‘शांबरिक खरोलिका’ घ्या. काचेवर रंगवलेली चित्रं दिव्याच्या उजेडाने पडद्यावर पाडून, निवेदन आणि संगीताच्या साथीने ते कथा सांगत. १८९६ साली मुंबईत ल्युमिएर बंधूंचा चित्रपट दाखवला गेला, त्याच्याही आधीपासून. आज आपण तिला ‘चित्रपटपूर्व’ म्हणतो. पण समोर बसलेल्यांसाठी ती कशाच्याच आधीची नव्हती. तो पुरता खेळ होता.

दुसरं सांगणं जर्मन अभ्यासक फ्रीडरिश किटलर यांचं. ग्रामोफोन, चित्रपट आणि टंकयंत्र यांवरचं त्यांचं गाजलेलं पुस्तक योगायोगाने १९८६चंच. त्यांचा मुद्दा असा: लिखाणात फक्त अक्षरांत बसेल तेवढंच उरतं. १८७७ साली एडिसनचा फोनोग्राफ आला आणि यंत्र कानावर पडेल ते सगळं साठवू लागलं. त्यात अर्थ असो वा नसो.

आईच्या पत्रात ‘मी ठणठणीत आहे’ असायचं. कॅसेटवरही ती तेच म्हणायची. पण तिथे मागे पंख्याची घरघर होती, कुकरची शिट्टी होती आणि वाक्यावाक्यात दाबलेला खोकला होता. पत्राने तो गाळला असता, यंत्राने ठेवला. आम्हाला मात्र खरखरीतून निरोप वेगळा काढायचं शिक्षण मिळालेलं. मी निरोप घेतला, खरखर सोडून दिली.

तिसरी गोष्ट हाताने शिकायची. बर्लिनच्या हम्बोल्ट विद्यापीठात वोल्फगांग अर्न्स्ट यांनी जुन्या यंत्रांचा संग्रह उभा केला. ती काचेच्या कपाटात नुसती बघायची नाहीत. उघडून, चालवून अभ्यासायची. मीही गेल्या वर्षी आमचा जुना रेकॉर्डर उघडला. रबरी पट्टा विरघळून चिकट झाला होता. आत दिसलं, की ध्वनिमुद्रण करताना फीत आधी पुसणाऱ्या हेडवरून जाते, मग भरणाऱ्या हेडवरून. म्हणजे प्रत्येक उत्तर देताना आईचा आवाज मीच पुसत होतो.

शेवटची कॅसेट तेवढी राहिली. तिच्यावर उत्तर भरायच्या आतच मला घरून तार आली.

पट्टा बदलल्यावर ती पुन्हा ऐकली. या वेळी खोकला आधी ऐकू आला, शब्द नंतर.

तुमच्याकडे अशा कॅसेट असतील, तर त्या वाजवणारं यंत्रही भंगारात देऊ नका. एक करून सोडला, तर दुसरं मुकं होतं. आणि कॅसेटच्या पाठीला कडेवर दोन छोटे प्लॅस्टिकचे तुकडे असतात, ते मोडून टाका. मग तिच्यावर चुकून काही भरलं जात नाही. मी ते मोडले. चाळीस वर्षं उशिरा.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.