वादळ गेल्यावर आपल्या माणसांची विचारपूस

चक्रीवादळ येणार म्हटले की टीव्हीवर वाऱ्याचा वेग सांगतात, उसळलेल्या लाटा दाखवतात. वादळ निघून गेले की बातमीही निघून जाते. पण माणसे दगावण्याचा मोठा काळ पुष्कळदा त्यानंतरच सुरू होतो. वीज नाही, पाणी नाही, बी.पी.ची गोळी संपली, दवाखान्याच्या रस्त्यावर झाड आडवे पडलेले. अशा दिवसांत नात्यातल्या किंवा शेजारच्या माणसाने वेळेवर केलेली चौकशी जीव वाचवते. ही चौकशी कधी करावी, कशी करावी आणि नेमके काय विचारावे, ते या वेळी आम्ही सांगत आहोत.

६४ की २,९७५?

अटलांटिक महासागरात ज्याला हरिकेन म्हणतात, तेच आपल्याकडचे चक्रीवादळ. कॅरिबियन समुद्रात पोर्टो रिको नावाचे बेट आहे. अमेरिकेच्या अखत्यारीतले, साधारण ३३ लाख लोकवस्तीचे. २० सप्टेंबर २०१७ रोजी 'मारिया' हे हरिकेन तिथे धडकले. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २५० किलोमीटर होता. सगळ्या बेटाची वीज गेली. मोबाईलचे शंभरातले जवळपास ९५ टॉवर बंद पडले. न्यूयॉर्क आणि फ्लोरिडात कामाला गेलेल्या मुलांना गावातले आईवडील जिवंत आहेत की नाहीत, हे कित्येक दिवस कळेना.

सरकारने मृतांचा आकडा ६४ सांगितला आणि महिनोन्‌महिने तोच धरून ठेवला. लोकांना तो पटला नाही, कारण प्रत्येक गावात त्यानंतर कोणी ना कोणी गेलेले होते. जून २०१८ मध्ये लोकांनी राजधानी सान हुआनमधल्या विधिमंडळाच्या इमारतीसमोर गेलेल्या माणसांच्या नावाने चपला-बूट आणून मांडले. आमची माणसे मोजा, एवढीच मागणी होती. ऑगस्ट २०१८ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अभ्यासाचा निष्कर्ष आला. सप्टेंबर २०१७ ते फेब्रुवारी २०१८ या काळात नेहमीपेक्षा अंदाजे २,९७५ मृत्यू जास्त झाले होते. सरकारने मग हाच आकडा मान्य केला.

ही माणसे कशाने गेली? हार्वर्डच्या संशोधकांनी ३,२९९ घरी जाऊन विचारपूस केली. वादळानंतरच्या मृत्यूंपैकी सुमारे एक-तृतीयांश मृत्यू उपचार उशिरा मिळाल्याने किंवा मध्येच तुटल्याने झाले, असे घरच्यांनी सांगितले. औषध मिळाले नाही, श्वासाचे यंत्र विजेअभावी बंद पडले, दवाखाना बंद होता, रस्ता बंद होता. सरासरी एका घराने वर्षअखेरपर्यंत ८४ दिवस विजेविना, ६८ दिवस नळाच्या पाण्याविना आणि ४१ दिवस मोबाईलविना काढले. धोका सगळ्यांना सारखा नव्हता. गरीब भागांत आणि ६५ वर्षांवरच्या पुरुषांत तो जास्त होता आणि जास्त काळ टिकला. २००५ मध्ये अमेरिकेत 'कतरिना' आले, तेव्हाही लुइझियाना राज्यात मरण पावलेल्यांपैकी जवळपास निम्मे लोक ७५ वर्षांवरचे होते.

म्हणजे विचारपूस सर्वांत आधी कोणाची करायची, हे यातूनच कळते. म्हातारी माणसे, कायमचे औषध चालू असलेली माणसे, एकटे राहणारे आणि गरीब वस्तीतले.

आपल्याकडचे चित्र

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आले. करोनाची टाळेबंदी चालू होती. विजेचे खांब झोपले, मोबाईल बंद पडले, घरांवरचे पत्रे-कौले उडाली. मुंबई-ठाण्याच्या वस्त्यांतून राहणाऱ्या आपल्यातल्या कितीतरी घरांचे गाव रायगड नाहीतर रत्नागिरीत आहे. गावी म्हातारे आईवडील आणि इथे चाकरमानी मुलगा, असे घर सगळीकडे सापडेल. पुढच्याच वर्षी मे महिन्यात 'तौक्ते' किनाऱ्याकिनाऱ्याने गेले आणि मुंबईतल्या झोपड्यांचेही छप्पर हलवून गेले.

रस्ता मोकळा होतो तो आधी बाजारपेठेपर्यंत, वीज येते ती आधी मोठ्या गावठाणात. आपली वाडी बहुतेक वेळा गावाच्या टोकाला असते. तिथे कोणीतरी पोचेल असे धरून चालू नये. पोचले का, ते विचारावे.

फोन लागत नसेल तर

पहिल्या काही तासांत सगळे एकदम फोन लावतात आणि कोणाचाच लागत नाही. अशा वेळी साधा मेसेज पाठवा. नेटवर्क क्षणभर आले तरी तो पोचतो आणि समोरच्याची बॅटरीही फारशी खर्च होत नाही. मेसेज छोटा आणि उत्तर सोपे होईल असा ठेवा. उदाहरणार्थ, "जय भीम दादा, सगळे घरी आहात का? आईचे औषध आहे का? फक्त हो-नाही कळवा."

एका घरातल्या दहाजणांनी गावी दहा फोन करू नयेत. एकाने करावा आणि बाकीच्यांना सांगावे. वादळाच्या पट्ट्याबाहेर, पुण्यात किंवा नागपुरात राहणारा एक नातेवाईक 'निरोपाचे घर' म्हणून ठरवून ठेवावा. ज्याला जेव्हा नेटवर्क मिळेल त्याने त्या एकाच नंबरवर खुशाली कळवायची. मोबाईलच्या सेटिंगमध्ये नेटवर्कची निवड 'ऑटोमॅटिक' ठेवा. आपत्तीच्या काळात सरकार कधी कधी एका कंपनीच्या ग्राहकाला दुसऱ्या कंपनीचे नेटवर्क वापरण्याची सोय करून देते, ती मग आपोआप मिळते.

काहीच चालत नसेल तर माणसाकरवी निरोप. पोर्टो रिकोत 'वापा रेडिओ' हे एएम केंद्र सुरू राहिले होते, आणि लोक आपल्या माणसांसाठी तिथे निरोप घेऊन जात. आपल्याकडे गावशाखा आणि मुंबई शाखा आहेत, महिला मंडळे आहेत, विहार आहे. गावी जाणारा पहिला टेम्पो कोणाचा, हे शाखेला माहीत असते. त्याच्याबरोबर नावांची यादी द्या आणि येताना प्रत्येक नावापुढे एक ओळ लिहून आणायला सांगा.

"बरं आहे" यावर थांबू नका

आपली वडीलधारी माणसे मुलांना काळजी नको म्हणून दुखणे लपवतात. "सगळं बरं आहे ना गं आई?" असे विचारले की "हो बाबा, बरं आहे" हेच उत्तर येते. म्हणून ज्याचे उत्तर नुसत्या 'बरं आहे'ने देता येणार नाही, असे प्रश्न विचारा.

"काल रात्री कुठे झोपलात?" घर पडले असेल किंवा अंथरूण ओले असेल, तर ते इथेच कळते.

"गोळ्यांचं पाकीट हातात घे आणि किती राहिल्यात ते मोज." बी.पी., साखर, फिट, थायरॉईड, दमा, टी.बी. यांचे औषध मध्येच बंद होता कामा नये. टी.बी. किंवा एच.आय.व्ही.च्या गोळ्या भिजल्या असतील तर जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात उपचाराचे कार्ड दाखवून लगेच मागाव्यात. कार्डही गेले असेल तरी जावे.

"इन्सुलिन कुठे ठेवलंय?" फ्रीज बंद असेल तर बाटली प्लास्टिकच्या डबीत घट्ट बंद करून, पाणी भरलेल्या मातीच्या मडक्यात गारव्याला ठेवावी. वापरायला काढलेली बहुतेक इन्सुलिन अशा गारव्यात सुमारे चार आठवडे टिकतात. रंग किंवा रूप नेहमीपेक्षा वेगळे दिसले, गुठळ्या दिसल्या, तर ती टोचू नये.

"पाणी कुठलं पिता?" विहिरीत पुराचे पाणी शिरले असेल तर ते खळखळून उकळूनच प्यावे, नाहीतर आशाताईंकडून क्लोरीनचे औषध घेऊन, त्यावर लिहिलेल्या प्रमाणात टाकावे.

"आज लघवीला किती वेळा गेलीस?" हा प्रश्न मुलीने किंवा सुनेने विचारावा. संडास पडला किंवा तुंबला की बायका पाणी पिणेच कमी करतात. त्यातून लघवीला जळजळ, चक्कर, ताप सुरू होतो. आडोशाची सोय करणे हे अशा वेळी औषधाइतकेच गरजेचे असते.

"पायाला काही लागलंय का?" खिळा किंवा पत्रा लागला असेल तर जखम स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवून धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी केंद्रात जावे.

घरात गरोदर बाई असेल तर दिवस किती राहिले आणि कळा सुरू झाल्यास गाडी कोणाची, हे आजच ठरवून घ्या.

वादळानंतरची संकटे

तुटून पडलेली तार मेलेली आहे असे कधीही समजू नये. ती आणि तिच्या जवळचे पाणी, दोन्हींपासून दूर राहावे. ओल्या भिंतीवरचे बटण दाबू नये.

जनरेटर घराबाहेर, दार-खिडकीपासून किमान २० फुटांवर ठेवावा. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो. घरातल्या सगळ्यांचेच एकदम डोके दुखू लागले, मळमळले, तर आधी उघड्यावर या. अमेरिकेत हरिकेननंतर घरोघरी जनरेटर लागतात आणि या वायूने दरवेळी माणसे दगावतात.

पत्रे बसवायला एकट्याने वर चढू नये. ओल्या वाशावरून पाय घसरतो. साठीच्या माणसाने झाडाचे ओंडके ओढू नयेत. छातीत दुखले, घाम फुटला, दम लागला तर '१०८'ला फोन करावा.

गुडघाभर पाण्यातून चालणे झाले असेल आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले, तर तो लेप्टो असू शकतो. उंदराच्या लघवीतून हा रोग पाण्यात उतरतो. पोर्टो रिकोतही मारियानंतर लेप्टोचे रुग्ण वाढले होते. पाण्यातून चाललो होतो, हे डॉक्टरांना आठवणीने सांगा. ताप नसतानाही घेण्याची प्रतिबंधक गोळी असते. ती डॉक्टरांना विचारून पहिल्या तीन दिवसांतच घ्यावी.

जुलाब लागले तर ओ.आर.एस. द्यावे. पुडी नसेल तर उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात सपाट ६ चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून थोडे थोडे पाजत राहावे. चमचा चहाचा.

किती दिवस विचारायचे?

पहिल्या दिवशी सगळेच विचारतात. पोर्टो रिकोत नेहमीपेक्षा जास्त मृत्यू होत राहिले ते थेट फेब्रुवारीपर्यंत, म्हणजे पाच महिने. म्हणून आम्ही असे सुचवतो: पहिला आठवडा रोज, पुढचा महिनाभर आठवड्यातून दोनदा, आणि वीज-पाणी पूर्ववत होऊन घरावर छप्पर चढेपर्यंत आठवड्यातून एकदा. चौकशीची वही घालावी. तारीख, कोणाशी बोललो, काय कमी आहे, कोण पोचवणार, एवढे चार रकाने पुरेत.

महिन्याभराने मनाचे दुखणे वर येते. झोप लागत नाही, वारा सुटला की छाती धडधडते, कर्ता माणूस गप्प बसून राहतो, दारू वाढते. "धीर धर" एवढे बोलून सोडू नका. त्याला बोलू द्या, हाताला काम द्या. "जगून काय करू" असे कोणी म्हणाले तर त्याला एकटे सोडू नये. '१४४१६' या टेलिमानस क्रमांकावर समुपदेशकाशी मोफत बोलता येते.

नोंद करून घ्या

मारियानंतर अनेकांच्या मृत्यूच्या दाखल्यावर वादळाचा उल्लेखच नव्हता, म्हणून ते मोजले गेले नाहीत. आपल्याकडेही हेच होऊ शकते. वादळात कोणी जखमी झाले किंवा दगावले, तर ते कसे घडले हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा, कागदावर येऊ द्या. नैसर्गिक आपत्तीत मृत्यू झाल्यास वारसांना ४ लाख रुपये मदतीची तरतूद आहे, पण मृत्यू आपत्तीमुळे झाला हे अधिकृतपणे नोंदलेले असावे लागते. घराचे फोटो ढिगारा उचलण्याआधी काढा. तलाठी पंचनाम्याला आले तेव्हा वाडीतले एकही घर सुटले नाही ना, हे यादी हातात घेऊन पाहा. ज्या म्हातारीला लिहिता-वाचता येत नाही, तिच्या शेजारी कोणीतरी उभे राहावे.

आजच करायची कामे

वादळाची वाट न पाहता घरातल्या प्रत्येक आजारी माणसाच्या औषधांची नावे एका कागदावर लिहून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. त्याचा फोटो गावच्या आणि शहरातल्या एकेका नातेवाइकाकडे द्या. पावसाळ्याआधी महिन्याभराचे औषध जवळ ठेवा. येत्या रविवारी विहारात जमाल तेव्हा वस्तीत एकटे राहणारे कोण, अंथरुणाला खिळलेले कोण, याची यादी करा. प्रत्येक नावापुढे जवळच्या दोन घरांची नावे लिहा. वादळ थांबून बाहेर पडणे सुरक्षित झाले की त्या दोन घरांनी आधी तिथे जायचे.

हे क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा: रुग्णवाहिका १०८, कोणतीही तातडीची मदत ११२, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७, मुंबई महापालिकेचा आपत्ती कक्ष १९१६, मानसिक आरोग्य १४४१६.