फॉरमॅट मारण्याआधी

नवा डेस्कटॉप घरी येतो आणि आठवडाभरात त्यावर निळा पडदा दिसू लागतो. कधी पडदाही दिसत नाही, काम चालू असतानाच मशीन आपोआप रीस्टार्ट होतं. अशा वेळी आपल्याकडचा सल्ला ठरलेला असतो: ‘व्हायरस असेल, फॉरमॅट मार.’ सल्ला देणारा मदतीच्याच भावनेने बोलतो. पण त्या फॉरमॅटने दोन नुकसानं होतात. क्रॅशच्या नोंदी पुसल्या जातात, म्हणजे तपासाला लागणारा पुरावाच नाहीसा होतो. आणि विंडोज टाकणं, सॉफ्टवेअर भरणं, पुन्हा क्रॅश होणं या चक्रात दुकानदाराकडून भाग बदलून घेण्याची मुदत निघून जाते. दुसरं नुकसान जास्त मोठं आहे, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

‘व्हायरसच असणार’

साधा प्रोग्राम कितीही बिघडला तरी तो एकटा बंद पडतो. ब्राउझर अडकला म्हणून विंडोज कोसळत नाही, कारण अशा प्रोग्रामना विंडोजच्या गाभ्यापर्यंत, म्हणजे कर्नलपर्यंत, पोहोचू दिलेलं नसतं. सगळी यंत्रणा थांबते तेव्हा बहुधा दोष ड्रायव्हरमध्ये असतो, कारण ड्रायव्हर कर्नलमध्ये चालतो, नाहीतर हार्डवेअरमध्ये असतो. १९ जुलै २०२४ रोजी जगभर सुमारे ८५ लाख विंडोज मशीन एकाच दिवशी बंद पडली. तिथे व्हायरस नव्हता. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सॉफ्टवेअरला मिळालेली एक सदोष फाइल होती, आणि ते सॉफ्टवेअर कर्नलमध्ये काम करत असल्यामुळे त्याने अख्खी यंत्रणा पाडली. नुकत्याच घेतलेल्या, फारसं काही न टाकलेल्या मशीनवर व्हायरसचा संशय सर्वांत शेवटी घ्यावा.

‘नवीन आहे, म्हणजे भाग चांगलेच असणार’

हा समज मला सगळ्यांत घातक वाटतो. इलेक्ट्रॉनिक भागांत बिघाडाचं प्रमाण सुरुवातीच्या काळात जास्त असतं, मग बरीच वर्षं कमी राहतं आणि आयुष्याच्या अखेरीस पुन्हा वाढतं. कारखान्यातून सुटलेले दोष पहिल्या काही आठवड्यांतच डोकं वर काढतात.

मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सामान्य ग्राहकांच्या सुमारे दहा लाख कॉम्प्युटरांच्या क्रॅश-नोंदी तपासल्या होत्या. त्यांचा एक निष्कर्ष प्रत्येक ग्राहकाने लक्षात ठेवावा असा आहे: हार्डवेअरच्या दोषामुळे एकदा क्रॅश झालेलं मशीन पुन्हा तसंच क्रॅश होण्याची शक्यता कितीतरी पटींनी वाढते, काही बाबतींत शंभर पटींपर्यंत. म्हणजे ‘एकदा झालं, सोडून द्या’ हे हार्डवेअरच्या बाबतीत खरं नाही. त्याच अभ्यासात नामांकित कंपन्यांच्या डेस्कटॉपपेक्षा सुटे भाग जुळवून विकलेल्या मशीनमध्ये बिघाड जास्त आढळले. म्हणून लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत मशीन असेंबल करून घेऊच नये असं नाही. पण तिथे सगळे भाग एकत्र नीट चालतात की नाही याची चाचणी कंपनी करत नाही. ती दुकानदाराने करायची, आणि त्याने केली नाही तर आपण.

‘स्क्रीनवर जे लिहिलंय तेच खराब आहे’

पावसाळ्यात स्लॅबमधून जिथे पाणी टपकतं, त्याच्या नेमकी वर भेग असतेच असं नाही. गच्चीवर ती चार हात लांब सापडते. एरर मेसेजचंही तसंच असतं. यंत्रणा कुठे कोसळली हे तो सांगतो, का कोसळली हे नाही. याचं अलीकडचं सर्वांत मोठं उदाहरण इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरचं आहे.

तेरावी पिढी ऑक्टोबर २०२२ मध्ये बाजारात आली, चौदावी एका वर्षाने. त्यानंतर महागडी मशीन घेतलेल्या लोकांच्या तक्रारी वाढू लागल्या. गेम सुरू करताच मेसेज यायचा की ग्राफिक्स कार्डाची मेमरी संपली. लोक चक्रावून जात, कारण कार्डावर चोवीस जीबी मेमरी असे आणि गेमला तिचा छोटासा भागही लागत नसे. साहजिकच कुणी कार्ड बदललं, कुणी ड्रायव्हर बदलले, कुणी गेमच्या कंपनीला दोष दिला, आणि फॉरमॅट तर अनेकांनी केलं. दोष मात्र प्रोसेसरमध्ये होता. गेम सुरू होताना दाबून साठवलेला डेटा उलगडण्याचं जड काम प्रोसेसर करतो. त्या कामात त्याच्याकडून चूक झाली की डेटा चुकीचा निघे, पुढची पायरी अडकून पडे, आणि गेम त्याचा अर्थ ‘मेमरी पुरत नाही’ असा लावे. अखेर ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियालाच २०२४ मध्ये सांगावं लागलं की या प्रोसेसरवर अशी तक्रार असेल तर इंटेलकडे जा.

इंटेलने जुलै २०२४ मध्ये मान्य केलं की प्रोसेसरच्या आतला मायक्रोकोड चुकीच्या हिशेबाने जास्त व्होल्टेज मागत होता. ऑगस्टमध्ये आलेल्या ‘०एक्स१२९’ या मायक्रोकोडने ही मागणी १.५५ व्होल्टवर रोखली. सप्टेंबरात मूळ कारण जाहीर झालं: कोअरमधलं घड्याळाचे ठोके पोहोचवणारं सर्किट वाढीव व्होल्टेज आणि तापमानामुळे वेळेआधी झिजत होतं. त्यासाठी ‘०एक्स१२बी’ हा पुढचा मायक्रोकोड आला. मात्र झिजून गेलेला प्रोसेसर कुठल्याही अपडेटने बरा होत नाही, तो बदलूनच घ्यावा लागतो. इंटेलने या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. सुट्या बॉक्समध्ये घेतलेल्या प्रोसेसरला त्यामुळे तीनऐवजी पाच वर्षं मिळतात.

हे इतकं सांगण्याचं कारण म्हणजे या प्रकरणात अनेक लोकांनी भलत्याच भागांवर पैसे घालवले. मशीनमध्ये या पिढीचा प्रोसेसर असेल आणि क्रॅश होत असेल, तर इतर काहीही विकत घेण्याआधी मदरबोर्डचं बायोस कोणत्या तारखेचं आहे ते पाहा, कारण हे मायक्रोकोड बायोसच्या अपडेटमधून येतात. दुकानात वर्षभर पडून राहिलेल्या बोर्डावर जुनंच बायोस असतं.

‘बायोसला हात लावायचा नाही’

ही भीती जुन्या काळातली आहे आणि तेव्हा रास्त होती, कारण मध्येच वीज गेली तर बोर्ड निकामी होई. आजही अपडेट चालू असताना वीज जाऊ नये, म्हणून मशीन यूपीएसवर ठेवावं. पण अनेक बोर्डांवर आता बिघडलेलं बायोस पेन ड्राइव्हवरून पुन्हा भरायची सोय असते. आणि अपडेट न करण्याचा धोका कधी कधी जास्त असतो. एप्रिल २०२३ मध्ये एएमडीचे रायझन ७००० मालिकेतले काही प्रोसेसर अक्षरशः जळाल्याची छायाचित्रं समोर आली होती. त्यावर उपाय आला तोही बायोसमधूनच, एसओसी व्होल्टेजला १.३ व्होल्टची मर्यादा घालून.

‘रॅम काढून रबराने पुसली की झालं’

जुन्या मशीनमध्ये कधी कधी याने खरंच फरक पडतो. त्याचं श्रेय मात्र बहुतेक वेळा खोडरबराचं नसून रॅम काढून पुन्हा नीट बसवण्याचं असतं. नव्या रॅमच्या सोनेरी पट्ट्या घासायचं काहीच कारण नाही. त्या घासून मुलामा पातळ होतो आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये जातो.

नव्या मशीनमध्ये पाहायचा तो रॅमचा वेग. पाकिटावर ६००० लिहिलेली डीडीआर५ रॅम पहिल्यांदा सुरू होते ती साधारण ४८०० किंवा त्याच्या आसपासच्या वेगाने. पाकिटावरचा आकडा मिळवायला बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो सुरू करावं लागतं, आणि ते तांत्रिकदृष्ट्या ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे अधिकृत वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणं, आहे. रॅम तो वेग पेलते, पण प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर पेलेलच असं नाही. रॅमच्या चार कांड्या लावल्या की अडचण आणखी वाढते. रायझन ७००० मालिकेसाठी एएमडीने दिलेला अधिकृत वेग दोन कांड्यांना ५२०० आहे आणि चार कांड्यांना फक्त ३६००. ‘रॅम चांगल्या कंपनीची आहे’ हे उत्तर इथे अपुरं पडतं.

मायक्रोसॉफ्टचे प्रोग्रामर रेमंड चेन यांनी २००५ मध्ये लिहिलेला अनुभव इथे आठवतो. विंडोजकडे येणाऱ्या क्रॅश-नोंदींत काही अशा होत्या की त्यांचा अर्थच लागत नव्हता. प्रोसेसरमधलं एक रजिस्टर शून्य करा, एवढ्याच सूचनेवर मशीन कोसळत होतं. ती सूचना मेमरीला हातही लावत नाही, तिथे क्रॅश होणं शक्यच नव्हतं. वापरणाऱ्यांशी संपर्क साधल्यावर कळलं की त्यांतली बरीच मशीन ओव्हरक्लॉक केलेली होती. काही दुकानं ग्राहकाला न सांगताच तसं करून विकत, हेही पुढे समजलं. म्हणून नव्या मशीनचा पहिला उपाय फुकटचा आहे: बायोसमध्ये जाऊन सगळ्या सेटिंग्ज मूळ स्थितीला आणायच्या, एक्सएमपी बंद करायचं आणि काही दिवस तसंच वापरायचं. क्रॅश थांबले तर तपास निम्म्यावर आला.

थांबले नाहीत तर मेमटेस्ट८६ पेन ड्राइव्हवर टाकून रात्रभर चालवा. एकही एरर आली तरी ती ‘थोडीशी’ म्हणून सोडायची नाही. मग एकेक कांडी लावून तपासा म्हणजे दोषी कांडी कळेल. एरर आली नाही म्हणून रॅम निर्दोष ठरत नाही, फक्त तिच्यावरचा संशय कमी होतो.

‘इव्हेंट ४१ म्हणजे एसएमपीएस गेला’

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी लाल नोंद दिसते, आणि त्यातला पॉवर हा शब्द पाहून लोक एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा भाग, बदलतात. त्या नोंदीचा अर्थ एवढाच की मशीन रीतसर शटडाउन न होता पुन्हा सुरू झालं. प्लग उपटला तरी ती येते, निळ्या पडद्यानंतरही येते. नोंदीच्या तपशिलात बगचेक कोडचा, म्हणजे क्रॅशच्या एरर कोडचा, आकडा शून्य असेल, तर विंडोजला काही लिहून ठेवायलाही वेळ मिळाला नव्हता. तेव्हा वीजपुरवठा, एसएमपीएस किंवा अचानक गोठलेलं मशीन यांच्याकडे वळावं. आकडा असेल तर क्रॅशची माहिती त्या आकड्यातच आहे.

एसएमपीएस खरंच दोषी असू शकतो. पण त्याच्यावरचं ‘८० प्लस’ हे चिन्ह विजेच्या बचतीचं आहे, टिकाऊपणाचं नाही. नवी ग्राफिक्स कार्डं सेकंदाच्या अगदी छोट्या भागापुरती आपल्या ठरलेल्या वॅटेजपेक्षा कितीतरी जास्त वीज ओढतात, आणि सरासरी हिशेबाने पुरेसा वाटणारा एसएमपीएस त्या क्षणी मान टाकतो. गेम किंवा व्हिडिओ रेंडर सुरू होताच मशीन पडद्यावर काहीही न दाखवता बंद पडत असेल, तर इथे पाहावं. सॉकेटला अर्थिंग आहे ना, हे इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्यावं.

उष्णतेबद्दल थोडक्यात. आजचे प्रोसेसर तापले की आधी आपला वेग कमी करतात. रायझन ७००० मालिकेतले बरेच प्रोसेसर तर जड कामात ९५ अंशांपर्यंत जाणार हे धरूनच बनवलेले आहेत. म्हणून तापमानाचा मोठा आकडा हा क्रॅशचा पुरावा होत नाही. मात्र कूलरच्या तळाची प्लॅस्टिकची फिल्म न काढताच तो बसवला गेल्याचं नव्या मशीनमध्ये आढळतं, ते एकदा पाहून घ्या.

तपास कसा करायचा

सिस्टीमच्या ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ सेटिंगमध्ये आपोआप रीस्टार्ट होण्याची खूण काढून टाका, म्हणजे निळा पडदा (विंडोज ११च्या नव्या आवृत्त्यांत तो काळा झाला आहे) थांबून राहतो. त्याचा फोटो काढा. विंडोजच्या फोल्डरमध्ये ‘मिनिडंप’ नावाचा फोल्डर असतो, त्यातल्या फाइली दुसरीकडे कॉपी करून ठेवा. स्टार्ट मेन्यूत ‘रिलायबिलिटी हिस्टरी’ शोधली तर कुठल्या दिवशी काय कोसळलं आणि त्याच दिवशी काय इन्स्टॉल झालं होतं, हे तारखेनिशी दिसतं. दर वेळी वेगळा कोड आणि वेगळी फाइल दिसत असेल तर रॅम किंवा प्रोसेसरवर संशय घ्यावा. दर वेळी तोच ड्रायव्हर दिसत असेल तर आधी तो बदलून पाहावा. डब्ल्यूएचईए अनकरेक्टेबल एरर आली तर दोष हार्डवेअरनेच कळवलेला आहे, फॉरमॅटने तो जाणार नाही.

एका वेळी एकच बदल करा आणि वहीत तारखेसह लिहा. बायोस, ड्रायव्हर आणि रॅम एकाच दिवशी बदललं तर क्रॅश थांबूनही कशामुळे थांबले ते कळत नाही, आणि पुन्हा सुरू झाले तर सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

दुकानात जाताना हीच वही, फोटो आणि मेमटेस्टचा निकाल सोबत न्या. ‘मशीन सारखं बंद पडतं’ या तक्रारीवर दुकानदार फॉरमॅट करून परत देतो. ‘एक्सएमपी बंद ठेवूनही दोन नंबरच्या कांडीवर एरर येतात’ या तक्रारीवर त्याला ती कांडी बदलावी लागते. असेंबल्ड मशीनमध्ये प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी असते, म्हणून बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या आणि भागांचे खोके फेकू नका. दुकानदार वॉरंटीत असलेला सदोष भाग बदलायला नकार देत असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. त्या तक्रारीला बिलाची प्रत आणि वहीतल्या तारखा जोडा.