शेअर स्वस्त की महाग, हे भावावरून कळत नाही

‘चाळीस रुपयांचा तर शेअर आहे, पडून पडून किती पडणार?’ हे वाक्य ऐकलं की काळजी वाटते. चाळिसाचा चारवर आला तर नव्वद टक्के भांडवल गेलं. भाव मुळात छोटा होता म्हणून तोटा छोटा होत नाही.

नुसत्या भावावरून कंपनीचा आकारही कळत नाही. जून 2023 मध्ये एमआरएफचा शेअर लाखावर गेला, तेव्हा आयटीसी साडेचारशेच्या आसपास होता. पण एमआरएफचे एकूण शेअर जेमतेम 42 लाख, तर आयटीसीचे बाराशे कोटींहून जास्त. भावाला शेअरसंख्येने गुणलं की एमआरएफचं बाजारमूल्य 42 हजार कोटींच्या घरात येतं, आयटीसीचं साडेपाच लाख कोटींच्या.

याच बाजारमूल्यावर लार्ज, मिड आणि स्मॉल कॅप ठरतात. सेबीने 2017 मध्ये म्युच्युअल फंडांसाठी व्याख्या केली: पहिल्या शंभर कंपन्या लार्ज, 101 ते 250 मिड, बाकी स्मॉल. इथे दुसरा गैरसमज चिकटतो, की लार्ज कॅप म्हणजे सुरक्षित. ही वर्गवारी फक्त आकाराची आहे, सचोटीची नाही. सत्यम ही आयटी कंपनी सेन्सेक्समध्ये, म्हणजे बाजारातल्या बड्या कंपन्यांच्या यादीत होती. 7 जानेवारी 2009 रोजी तिच्या अध्यक्षांनीच कबुली दिली, की ताळेबंदात दाखवलेल्या 5,361 कोटींच्या रोकडीपैकी 5,040 कोटी अस्तित्वातच नाहीत. त्या एका दिवसात शेअर तीन चतुर्थांशाहून जास्त कोसळला.

तिसरा गैरसमज अभ्यास करणाऱ्यांनाही फसवतो: पीई, म्हणजे भाव भागिले प्रति शेअर नफा, कमी असला की शेअर स्वस्त. साबण-बिस्किटांच्या कंपनीचा नफा वर्षागणिक फारसा हलत नाही, तिथे पीई बऱ्यापैकी बोलतो. पोलाद, सिमेंट, साखर ही चक्रीय क्षेत्रं, म्हणजे तेजी-मंदीबरोबर नफा वर-खाली होणारी. तिथे पीई उलटं सांगू शकतो. टाटा स्टीलचा एकत्रित नफा 2021-22 मध्ये 41 हजार कोटींच्या वर गेला आणि 2022 च्या मध्यावर पीई तीनच्या आसपास दिसत होता. पुढच्या वर्षी नफा आठ हजार कोटींवर घसरला आणि 2023-24 मध्ये चक्क तोटा झाला. त्या तोट्याच्या वर्षात शेअर मात्र चांगला वाढला, कारण बाजार पुढच्या चक्राकडे बघत होता. म्हणून आधी कंपनी कोणत्या जातीची ते ठरवावं, मग आकडे लावावेत. चक्रीय कंपनीचा निदान सात-आठ वर्षांचा सरासरी नफा बघावा.

‘एवढं शोधायचं कुठे?’ असं विचारलं जातं. वार्षिक अहवाल बीएसईच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. अध्यक्षांचं भाषण मागे ठेवून आधी रोख प्रवाहाचं पत्रक उघडावं: नफा दरवर्षी वाढतोय, पण धंद्यातून रोकड येत नाही, तर पैसा ग्राहकांकडे किंवा गोदामात अडकलाय, नाहीतर नफाच कागदी आहे. मग संबंधित व्यक्तींशी झालेले व्यवहार पाहावेत. प्रवर्तकांनी किती शेअर तारण ठेवलेत, हे दर तिमाहीच्या भागधारणेच्या तक्त्यात मिळतं.