बांध, काटकोन आणि हरवलेली बाजू

शाळेतून बाहेर पडल्यावर माणूस ज्या गोष्टी सर्वांत आधी विसरतो, त्यांत साइन, कॉस आणि टॅन यांचा क्रमांक फार वरचा आहे. परीक्षेपुरते कोष्टक पाठ करायचे, 'सिद्ध करा'चे एखादे गणित जमले तर सोडवायचे आणि निकाल लागला की वही रद्दीत टाकायची. पुढे कोणी विषय काढला, तर उत्तर ठरलेले असते : 'आयुष्यात कधी उपयोग पडला नाही बुवा!' मी स्वतः सारी नोकरी बँकेत आकडे लिहिण्यात घालवली. बेरीज, वजाबाकी, टक्केवारी आणि चक्रवाढ व्याज, एवढ्यावर माझे भागले. तरीही एका बाईची जवळजवळ पाच गुंठे जमीन या विसरलेल्या त्रिकोणमितीने कशी शोधून काढली, ते मी दौंड तालुक्यात डोळ्यांनी पाहिले आहे. ती हकीकत पुढे येईलच. आधी मूळ गोष्ट समजून घेऊ. ती वाटते तितकी अवघड नाही.

पुणे-सोलापूर महामार्गावर दौंडच्या दक्षिणेला कुरकुंभ लागते. पंचक्रोशीत ते फिरंगाई देवीचे गाव म्हणून ओळखले जाते. बाहेरच्या जगाला ते माहीत आहे औद्योगिक वसाहतीमुळे. रासायनिक कारखान्यांची धुराडी रस्त्यावरून दिसतात. समजा, बसची वाट पाहता पाहता तुमच्या नातवाने विचारले, 'आजोबा, ते धुराडे किती उंच आहे हो?' वर चढून टेप सोडणे शक्य नाही. आतही जाता येणार नाही, कारण फाटकावर पहारेकरी बसलेला आहे.

इथे काटकोन त्रिकोण मदतीला येतो. धुराडे सरळ उभे, जमीन आडवी, दोघांमध्ये काटकोन. तुमच्या डोळ्यापासून धुराड्याच्या टोकापर्यंत जाणारी नजर म्हणजे कर्ण. आता या त्रिकोणाचा सगळा चमत्कार एका वाक्यात सांगता येतो. काटकोन त्रिकोणात दुसरा एक कोन ठरला की बाजूंची आपापसांतली प्रमाणे ठरून जातात. मग त्रिकोण वहीच्या पानावरचा असो की डोंगराएवढा. समोरची बाजू भागिले लगतची बाजू, या प्रमाणाचे नाव टॅन. समोरची बाजू भागिले कर्ण म्हणजे साइन. लगतची भागिले कर्ण म्हणजे कॉस. कोष्टकात या प्रमाणांचेच आकडे असतात. एक बाजू आणि एक कोन हातात आला की हरवलेली बाजू आपोआप सापडते.

नजरेचा कोन ४५ अंश असेल, तर टॅन बरोबर १. म्हणजे धुराड्यापासून तुम्ही जितके लांब, तितके ते तुमच्या डोळ्यांच्या वर उंच. पण पहारेकऱ्यामुळे पायथ्यापर्यंतचे अंतरच मोजता येत नाही, त्याचे काय? तर रस्त्यावर उभे राहून एकदा कोन घ्यायचा. तो ४५ भरला असे धरू. मग धुराड्याकडे तोंड ठेवून सरळ रेषेत ३० मीटर मागे यायचे आणि पुन्हा कोन घ्यायचा. आता तो ३० अंश भरला. ३० अंशांच्या ठिकाणचे अंतर उंचीच्या १.७३२ पट असते, ४५ अंशांच्या ठिकाणचे एक पट. दोहोंतला फरक ०.७३२ पट, आणि तोच आपण चाललेला ३० मीटरचा तुकडा. ३० ला ०.७३२ ने भागले की ४१ मीटर येतात. त्यात आपल्या डोळ्यांची जमिनीपासूनची दीड मीटर उंची मिळवली की साडेबेचाळीस मीटर. पहारेकऱ्याला नमस्कारही न करता काम झाले!

पहारेकऱ्याच्या या गणिताची जगातली सर्वांत प्रसिद्ध आवृत्ती हिमालयात घडली. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या सर्वेक्षकांना नेपाळमध्ये पाऊल टाकायची परवानगी नव्हती. त्यांनी सुमारे पावणेदोनशे किलोमीटर किंवा त्याहूनही अधिक अंतरावरून, बिहारच्या सपाटीतून, बर्फाच्या शिखरांचे कोन घेतले. 'शिखर क्रमांक १५' अशी नोंद असलेल्या शिखराची आकडेमोड राधानाथ सिकदार या बंगाली गणितज्ञाने १८५२ च्या सुमारास पुरी केली. १८५६ साली जाहीर झालेली उंची होती २९,००२ फूट. एवढ्या अंतरावर पृथ्वीची गोलाई आणि हवेतून वाकणारा प्रकाश यांचाही हिशेब करावा लागतो. साधा टॅन पुरत नाही. पण पाया तोच. २०२० च्या डिसेंबरमध्ये नेपाळ आणि चीन यांनी मिळून नवी उंची जाहीर केली, ८,८४८.८६ मीटर, म्हणजे सुमारे २९,०३२ फूट. पावणेदोनशे वर्षांपूर्वी, पायथ्याला न जाता काढलेल्या आकड्यात फरक पडला तो तीसएक फुटांचा.

या प्रचंड मोजणीचा एक धागा महाराष्ट्रात येऊन थांबलेला आहे, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते. विल्यम लॅम्ब्टन या अधिकाऱ्याने १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ जमिनीवर साखळी टाकून सुमारे १२ किलोमीटरची एक रेषा मोजायला घेतली. प्रत्यक्ष मोजायची ती ही एक बाजू. तिच्या दोन टोकांवरून तिसऱ्या बिंदूचे कोन घ्यायचे, त्रिकोण पुरा करायचा, त्याच्या काढलेल्या बाजूवर दुसरा त्रिकोण उभा करायचा, अशी त्रिकोणांची साखळी उत्तरेकडे सरकत गेली. मधूनमधून खात्रीसाठी एखादी बाजू पुन्हा जमिनीवर मोजून पाहायची, एवढेच. सोबत होते अर्ध्या टनाचे थिओडोलाइट यंत्र. असे वीस वर्षे चालत चालत लॅम्ब्टन विदर्भात पोहोचला आणि २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. ज्याच्या नावाने शिखर ओळखले जाते, तो जॉर्ज एव्हरेस्ट म्हणजे या लॅम्ब्टनचा वारसदार.

पण हे सारे ज्ञान साहेबाच्या बोटीतून उतरले, असे समजायचे कारण नाही. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास 'लीलावती' लिहिली. त्यातला खांबावरचा मोर आणि बिळाकडे धावणारा साप आठवून पाहा. खांब नऊ हात, साप सत्तावीस हात लांब. दोघे सारखेच अंतर कापतात. तर मोर सापाला बिळापासून किती हातांवर गाठेल? उत्तर बारा हात. हा निव्वळ काटकोन त्रिकोण आहे. 'सिद्धान्तशिरोमणी'च्या गोलाध्यायात तर 'ज्योत्पत्ति' म्हणून ज्या काढण्याचा स्वतंत्र भागच आहे. 'ज्या' म्हणजे धनुष्याची दोरी. ही 'ज्या' अरबांकडे गेली, तिची 'जीबा' झाली. लिहिताना स्वर गळाले आणि वाचणाऱ्यांनी तिला 'जैब' केले. जैब म्हणजे वस्त्राचा उराशी असलेला घोळ किंवा खिसा. आपल्या ओळखीचा 'जेब' तो हाच. लॅटिनवाल्यांनी त्याचे भाषांतर केले 'सायनस', आणि त्याचा झाला साइन. म्हणजे दहावीच्या पोराला छळणारा साइन हा मूळचा आपल्याच घरातला. खिसा होऊन परत आलेला. चाळीसगावजवळच्या पाटणला शके ११२८ चा, म्हणजे इ.स. १२०६-०७ च्या सुमाराचा, शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढला, त्याची ती नोंद. गणित शिकवण्यासाठी दिलेले दान आपल्याकडे दगडावर कोरून ठेवले गेले आहे.

आता पुन्हा दौंडकडे वळू. शेजारचा इंदापूर तालुका जमीनमोजणीच्या इतिहासात मोठा मानाचा आहे. गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघा अधिकाऱ्यांनी १८३६ च्या सुमारास तिथे जी पाहणी आणि आकारणी केली, तीच पुढे मुंबई इलाख्यातल्या जमाबंदीचा नमुना ठरली. आपल्या शेताची जुनी टिपणे त्या परंपरेतली. मोजणी शंकू-साखळीची. शंकू म्हणजे काटकोन साधायचे साधन, आणि साखळी ३३ फुटांची, तिचे आणे सोळा. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. शेत कितीही वेडेवाकडे असो, मोजणीदार त्याचे त्रिकोण पाडी, पाया आणि लंब टिपणात लिही, आणि गुणाकार बुकात क्षेत्र काढी. शेतकऱ्याचा सातबारा वर्षानुवर्षे या त्रिकोणांवर उभा आहे.

नव्वदच्या दशकात माझी बदली या भागातल्या एका शाखेत झाली होती. औद्योगिक वसाहतीमुळे जमिनीला एकाएकी भाव आला होता आणि बांधाबांधावर भावकी उभी ठाकली होती. पन्नाशीची एक विधवा बाई पीककर्जासाठी येत असे. सातबाऱ्यावर चाळीस आर, लोकांच्या भाषेत एकर. एकदा कागदांवर अंगठा उठवून झाल्यावर ती म्हणाली, "साहेब, ज्वारीचं बी तेवढंच नेते, पण दर साली उरतंय." मी म्हटले, "पेरणी विरळ होत असेल." ती म्हणाली, "हात तोच हाय, पाभर तीच हाय. रान कमी झालंय."

रान त्रिकोणी होते. एक बाजू रस्त्यालगत, हद्दीच्या दगडापासून मोरीपर्यंत. मोरीपाशी काटकोन करून दुसरी बाजू ओढ्याकडेने वर गेलेली. तिसरी बाजू, म्हणजे कर्ण, हा दिराच्या आणि तिच्या रानातला बांध. टिपणाच्या नकलेत रस्त्याची बाजू १० साखळ्या, ओढ्याची ८. निम्मे गुणिले दहा गुणिले आठ, चाळीस गुंठे. हिशेब चोख. प्रश्न होता, आज ओढ्याची बाजू किती उरली आहे? ती मोजता येत नव्हती. वेड्या बाभळींनी ओढा भरून गेला होता. बांधावर पाय ठेवू द्यायला दीर तयार नव्हता. आणि सरकारी मोजणीची फी भरायला बाई तयार नव्हती. 'पैसेबी जायचे आन् रानबी,' हे तिचे म्हणणे.

गावात एक निवृत्त गणित-शिक्षक होते. त्यांनी शाळेतला फळ्यावरचा लाकडी कोनमापक मागून आणला. हद्दीच्या दगडावर स्टूल, स्टुलावर कोनमापक, त्यावर नेम धरायला दोन दाभणे. बांधाच्या वरच्या टोकाला, बाईच्याच रानातून जाऊन, एका पोराने बांबूला लाल फडके लावून उभे केले. गुरुजींनी एक नेम मोरीकडे धरला, दुसरा फडक्याकडे. कोन भरला ३५ अंश. ३५ चा टॅन ०.७०. दहा साखळ्या गुणिले ०.७०, म्हणजे सात. आठाच्या जागी सात! गुरुजी म्हणाले, "माझ्या लाकडाची अर्ध्या अंशाची चूक धरली, तरी आकडा पावणेसात ते सव्वासात यांच्या आतच राहतो. आठ काही होत नाही. बाई, मोजणीचे पैसे भरा. वाया जाणार नाहीत."

सात साखळ्यांनी क्षेत्र होते पस्तीस गुंठे. पाच गुंठे कुठे गेले? टिपणाप्रमाणे दगडापाशी कोन हवा होता ३८ अंशांहून थोडा अधिक, आणि होता ३५. दगड जागचा हलला नव्हता. बांध मात्र त्या दगडाभोवती, घड्याळाच्या काट्यासारखा, दर नांगरटीला तसूभर फिरत गेला होता. पावणेचार अंश. माणसाच्या नजरेला त्यातले काही दिसत नाही. दगड जागेवर आहे, एवढे पाहून सगळे गाव निश्चिंत होते.

गुरुजींच्या मोजणीला कायद्यात किंमत नव्हती. हे त्यांनीच सर्वांना बजावले. पण बाईने फी भरली. सुगी झाल्यावर भूमी अभिलेखचा मोजणीदार आला, आणि त्याच्या मोजणीत पावणेपाच गुंठे निघाले. खुणा पडल्या, 'क' प्रत हातात आली. दिराने वाद वाढवला नाही. "नांगर वळताना सरकतंय थोडं," एवढे म्हणून तो गप्प बसला. पुढच्या रब्बीत बाई बँकेत आली ती हे सांगायला, की बी उरले नाही.

आता साखळ्या गेल्या. इलेक्ट्रॉनिक यंत्रे आली, उपग्रहांशी बोलणारे रोव्हर आले. पडद्यावर आकडा उमटतो आणि आपण तो मानतो. त्या यंत्रांच्या पोटातही हेच कोन आणि हीच अंतरे आहेत. पण बटण दाबणारा एक आणि आकडा ऐकणारा दुसरा, अशी वाटणी झाली की ऐकणाऱ्याला 'हे कसे काढले?' असे विचारायचा धीर होत नाही. त्या बाईला लिहिता येत नव्हते, पण बी उरते म्हणजे काहीतरी चुकते आहे, एवढे गणित तिला येत होते. उरलेले गणित जाणणारा माणूस तिला गावातच भेटला. तो भेटला नसता तर बांध आणखी चार अंश फिरला असता. म्हणूनच, दहावीच्या वर्गात हे प्रकरण 'दोन-चार मार्कांचे' म्हणून सोडून द्यायला सांगणाऱ्या शिकवण्या पाहिल्या की मला त्या लाकडी कोनमापकाची आठवण होते.

आज रविवार आहे. घरात आठवी-नववीचे मूल असेल तर त्याच्या कंपासपेटीतला कोनमापक घ्या. सरळ कडेला रिकाम्या बॉलपेनची नळी चिकटवा. कडेच्या मध्यबिंदूतून दोरा सोडा आणि खाली एखादा नट बांधा. नळीतून गावातल्या देवळाचा कळस किंवा पाण्याची टाकी पाहा. दोरा ज्या आकड्यावर येईल, तो आणि ९० यांतला फरक म्हणजे तुमचा कोन. पायथ्यापर्यंतचे अंतर मोजा, कोष्टकातला टॅन काढा, गुणा, आणि डोळ्यांची उंची मिळवायला विसरू नका. मोजणी बापाने एकदा आणि लेकराने एकदा, अशी वेगवेगळी करावी. दोन उत्तरांत मीटरभराचा फरक आला, तर भांडू नका. दोघांनी मिळून तिसऱ्यांदा मोजा.