रोज एक पान, वन्संबरोबर

आमच्या भिशीत एकीने विचारलं, "तलमूद म्हणजे काय गं?" मी म्हटलं, वाद घालायला शिकवणारा ग्रंथ. सगळ्या हसल्या, पण ते खरंच आहे.

आम्ही बेने इस्रायल, कोकणातले मराठी ज्यू. तोरा, म्हणजे मोशेची पाच पुस्तकं, आमच्या घराघरात. वल्हांडणाच्या रात्री वाचायचा हग्गादा तर १८४६ सालीच मुंबईत मराठीतून छापला गेला. तलमूद म्हणजे धर्माच्या नियमांवर रब्बींनी पिढ्यान्‌पिढ्या केलेली चर्चा. ती मात्र आमच्या आयांच्या हाती कधी आलीच नाही. बायकांनी तलमूद शिकावं का, यावरच मुळी जगभर वाद होता!

ग्रंथ केवढा? २,७११ पानं, तीही पाठपोट. १९२३ साली व्हिएन्नाच्या एका परिषदेत रब्बी मेइर शापिरो यांनी सुचवलं की जगभरच्या ज्यूंनी रोज एकच ठरलेलं पान वाचावं. याला 'दाफ योमी' म्हणतात. एक फेरी साडेसात वर्षांना जरा कमी. चौदावी ५ जानेवारी २०२० ला सुरू झाली. त्याच महिन्यात जेरुसलेममध्ये सुमारे ३ हजार बायकांनी तेरावी फेरी संपल्याचा सोहळा केला. बायकांचा एवढा मोठा असा हा पहिलाच. ते ऐकून अश्दोदहून माझ्या मोठ्या नणंदेचा फोन आला, "आपण दोघी करू या का?"

तलमूद एकट्याने शिकायचं नसतं, जोडीने शिकायचं. या जोडीला 'हव्रुता' म्हणतात. आमचे सकाळचे साडेदहा म्हणजे तिकडचे आठ, हिवाळ्यात सात. मूळ मजकूर बराचसा अरामी भाषेत. तो रब्बी स्टाइनसाल्ट्झ यांनी १९६५ ते २०१० अशी ४५ वर्षं खपून सोप्या हिब्रूत उलगडला. वन्सं ते वाचतात, मी इंग्रजी. मग दोघींनी पुस्तक मिटायचं आणि सांगायचं, आपल्या मराठीत: प्रश्न कोणाचा, अडलं कुठे, उत्तर कोणाला पटलं नाही. सांगता आलं नाही तर पान पुन्हा उघडायचं. शब्बाथला फोन नाही, त्यामुळे रविवारी दोन पानं.

जोडी कशी हवी, याची गोष्ट तलमूदमध्येच आहे. रब्बी योहानान यांचा सोबती रेश लाकिश वारला. त्यांना नवा सोबती दिला, तर तो प्रत्येक बोलण्याला आधार शोधून 'तुमचंच बरोबर' म्हणायचा. योहानान चिडले. रेश लाकिश माझ्या एका वाक्यावर २४ हरकती घ्यायचा, मी २४ उत्तरं द्यायचो, त्यातून विषय उकलायचा, असं म्हणून ते रडत फिरले. वन्संच्या हरकती मी मोजल्या नाहीत, पण २४ च्या खाली नसाव्यात. (नणंदच ती!)

कंटाळवाणी पानंही येतात. 'एरुवीन'मध्ये शब्बाथला सामायिक अंगणातून, गल्लीतून वस्तू नेण्याचे नियम आहेत. आठवडाभर काही कळेना. शेवटी मी वहीत आमच्या आळीचा नकाशा काढला, कोणाचं अंगण कोणाला लागून, कोणाचं दार कुठे. मग भराभर उलगडलं.

मध्ये ह्यांचं ऑपरेशन झालं. दोन महिने पुस्तक बंद. साठ पानं मागे पडलेली, मला तर सोडूनच द्यावंसं वाटत होतं. वन्सं म्हणाल्या, "मागचं राहू दे. पुढच्या फेरीत येईलच ते. आजचं पान उघड." जगभर लोक आज जिथे आहेत तिथेच जाऊन बसायचं. मला हे फार पटलं.

एक ग्रंथ संपला की 'हद्रान' म्हणतात, म्हणजे 'आम्ही परत येऊ'. मग गोडधोड. आम्ही मलिदा करतो. मी इथे पोहे भिजवते, नारळ खवते. वन्सं तिकडे भारतीय दुकानातून पोहे आणतात. जाडे मिळाले तर फोनवर तक्रार ठरलेली.