दीर्घकालीन आजार असलेल्या बालकांतील दंत-आघात : प्रथमोपचारातील तारतम्य

खेळताना पडून समोरच्या दातांना इजा होणे ही बालवयातील नित्याची घटना होय. उखडलेला कायमचा दात मुळाला स्पर्श न करता उचलून तत्काळ जबड्यातील त्याच्याच खोबणीत बसवावा. ते शक्य नसल्यास दुधात ठेवून दंतवैद्याकडे न्यावा, असा सर्वमान्य नियम आहे. दात सुमारे ६० मिनिटे कोरडा राहिल्यास मुळावरील पेशी जगण्याची शक्यता फारशी उरत नाही. दुधाचा दात मात्र पुन्हा बसवू नये.

बालकास दीर्घकालीन आजार असल्यास मात्र हा नियम सरसकट लागू करता येत नाही. अपस्माराच्या झटक्यात पडलेला दात सापडला नाही, तर तो श्वासमार्गात गेल्याची शक्यता तपासावी लागते. झटका चालू असताना तोंडात चमचा घालण्याची रूढ कृती स्वतःच दातांना इजा करते. हिमोफिलियात रक्त गोठविणाऱ्या घटकाची न्यूनता असल्याने हिरडीची लहानशी जखमही दीर्घकाळ वाहते. अशा बालकास वेदनाशामक म्हणून अ‍ॅस्पिरिन देऊ नये. गंभीर हृदयविकार अथवा रोगप्रतिकारशक्तीचा तीव्र ऱ्हास असल्यास दात पुन्हा न बसविणेच हितावह ठरू शकते, हे इंटरनॅशनल असोसिएशन ऑफ डेंटल ट्रॉमॅटॉलॉजीच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांतही नमूद आहे.

सारांश, निर्णायक पहिला तास बहुधा शिक्षक व पालक यांच्याच हाती असतो. म्हणून बालकाच्या आजाराची व औषधांची नोंद शाळेत सहज उपलब्ध असणे, हाही प्रथमोपचाराचाच भाग मानला पाहिजे.